दोन खटके

गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं सुताराचं साधन. आमच्या शहरात ते एका माणसाचं नाव आहे. त्याचं खरं नाव त्याच्या शेडवरच्या पाटीवर लिहिलेलं आहे, पण ती पाटी कुणी वाचत नाही. जुन्या गाड्यांचा कुजलेला पत्रा कापून नवा जोडायचा हा त्याचा धंदा. लोक खिशाला पेन लावतात, तिथे हा तळहाताएवढा पोलादी गुण्या लावतो. चहाच्या दुकानात बसला की टेबलाचा कोपरा तपासतो. मी एकदा महिनाभर अंथरुणाला खिळलो होतो, तेव्हा हा भेटायला आला. तब्येतीची चौकशी राहिली बाजूला, आधी माझ्या कपाटाचं दार बिजागरीतून उतरवून सरळ केलं. बायको म्हणाली, "हा देवाघरी गेला तरी आत शिरण्याआधी चौकट मोजेल." गुण्या हसला नाही. म्हणाला, "मोजावीच लागेल, वहिनी."

मी त्याला कारागिराचा ताठा समजत आलो. पन्नास वर्षं रंगभूमीवर काढलेल्या माणसाला एवढं तरी कळायला हवं होतं की, ज्याची एकदा एखादी जागा चुकते तो नट जन्मभर त्या जागेपाशी आला की घसा साफ करतो. मला कळलं नाही. त्याची ही गोष्ट.

आमच्या नाटक कंपनीचा एक छोटा ट्रक होता. पुढची बैठक आणि मागचा हौदा एकाच अंगाचा, आणि वर लोखंडी टप. त्याचे सोळा नट-बोल्ट काढले की चार माणसं तो टप उचलून खाली ठेवायची आणि गाडी ताटासारखी उघडी व्हायची. नव्या गावात शिरलो की आम्ही टप काढायचो आणि अंगावर पोशाख चढवून रस्त्यांवरून फिरायचो. मी बहुतेक नाटकांत राजा, म्हणून मागे उभा राहून प्रजेला नमस्कार करायचा मान माझा. लोक मला अजूनही राजे म्हणतात. राज्य कधीच गेलं, गुडघेही गेले, नाव तेवढं राहिलं.

गाडी चालवायचा तो गुण्याचा थोरला भाऊ. गुण्या त्याला दादा म्हणायचा म्हणून आम्हीही दादाच म्हणायचो, मी त्याच्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठा असूनसुद्धा. माणूस शांत. गाडीवर पोटच्या पोरासारखी माया. त्या गाडीच्या दाराला दोन खटके होते. पहिल्या खटक्याला दार नुसतं टेकायचं, दुसऱ्याला पक्कं धरायचं. दादा किल्ली फिरवण्याआधी कान देऊन दोन्ही खटके ऐकायचा आणि तरीही दाराशी बसलेल्याला विचारायचा, "दोन?" त्यानं "दोन" म्हटल्याशिवाय गाडी हलायची नाही. एकदा मालक घाईत होते, ते नुसते "हं" म्हणाले. दादानं किल्लीला हात लावला नाही. मालकांना शेवटी "दोन" म्हणावंच लागलं.

पुढे गाडीचं खालचं अंग कुजलं. वरून रंग चांगला होता, पण फळी उचलली की जमीन दिसायची. अंग ज्यांच्यावर टेकतं ते आडवे आधार गेले होते, आणि दाराखालून पुढपासून मागपर्यंत जाणारी पोकळ लोखंडी पेटी, जिला गुण्या उंबरा म्हणतो, तिचा हाताने भुगा होत होता. मालक मोठ्या कारखान्यात पाठवणार होते. दादानं शब्द टाकला, "माझा धाकटा करेल." धाकट्यानं तेव्हा नुकतीच स्वतःची शेड घातली होती. वय सव्वीस. आठ दिवसांत त्यानं गाडी अशी करून दिली की मालकांनी दादाची पाठ थोपटली.

चौथ्या दिवशी आम्ही एका गावात उतरलो, टप काढला आणि फेरीला निघालो. पुढे दादाशेजारी, दाराला लागून आमचे व्हायोलिनवाले. मी मागे उभा. "दोन?" ऐकलं. पाण्याच्या टाकीपाशी वळण आलं, रस्त्यात एक खड्डा होता, आणि दार उघडलं. व्हायोलिनवाले बाहेर फेकले गेले. पडताना त्यांनी व्हायोलिन दोन्ही हातांनी वर धरलं होतं. व्हायोलिनला ओरखडा नाही. उजवं कोपर मात्र असं मोडलं की पुन्हा कधी गज धरता आला नाही. पुढची सगळी वर्षं ते आमच्या तिकीट-खिडकीत बसले.

मालकांनी चौकशी केली. दादा एवढंच म्हणाला, की मी विचारलं, त्यांनी सांगितलं, आणि मी दोन ऐकले. व्हायोलिनवाल्यांनीही तेच सांगितलं. पण ते इतके भले गृहस्थ, की आम्हाला वाटलं ड्रायव्हरला वाचवायला बोलतायत. तोवर आभाळ भरून आलं होतं म्हणून टप पुन्हा चढवलेला होता. मालकांनी सगळ्यांसमोर दार लावून, ओढून पाहिलं. एकदा नाही, पन्नास वेळा. दर वेळी दोन खटके, दर वेळी दार घट्ट. म्हणजे दार चांगलं, माणूस चुकला.

दादानं वाद घातला नाही. किल्ली मालकांच्या हातात ठेवली आणि पुन्हा कुठल्याच गाडीच्या चाकामागे बसला नाही. लोखंडी पिंपांच्या कारखान्यात त्याला रखवालदाराची जागा मिळाली. ज्याला दार लावता येत नाही त्याला फाटकावर बसवलं, असं लोक म्हणायचे.

आणि मी त्यापुढे एक पाऊल टाकलं. कंपनीची जेवणं असली, कुणाचा सत्कार असला, की मी दादाची नक्कल करायचो. कानामागे हात धरायचा, डोळे मिटायचे, "दोन?" मग दुसरा कान, "दोन का?" मग आडवं पडून, जमिनीला कान लावून, "अहो, निदान एक तरी?" हशा वसूल. पंधरा-वीस वर्षं वसूल केला. नटाला हशा मिळाला की तो कुणाच्या खिशातून आला, हे तो विचारत नाही.

गुण्यानं मात्र भावाला कधी अंतर दिलं नाही. दर रविवारी त्याच्या घरी. पावसाआधी छत नीट करून देणार, पुतणीच्या लग्नात पडेल ते काम करणार. लोक आपल्या पोरांना सांगायचे, धाकटा भाऊ असावा तर असा. मीही कितीतरी वेळा त्याच्या तोंडावर म्हणालोय. तो खिशातला गुण्या काढून पुसत बसायचा.

या गोष्टीला एकतीस वर्षं झाली. मालक गेले, कंपनी मिटली, ट्रक बंद थिएटरच्या मागे पडून राहिला. गेल्या वर्षी इथल्या नाट्यशाळेनं तो मागितला. अंगणात ठेवायचा आणि टप काढून मुलांनी त्यावर उभं राहून नाटकं करायची, अशी त्यांची कल्पना. मालकांच्या मुलीनं आनंदानं दिला. अट एकच, की तो मुलांच्या वजनाला पुरला पाहिजे. खाली वाकून पाहिलं तर आधार पुन्हा गेलेले. मी गुण्याकडे गेलो.

तो नाही म्हणाला. हातात काम फार आहे, डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत, दुसरा एक चांगला माणूस आहे, त्याच्याकडे न्या. मी रुसून परत आलो. चार दिवसांनी सकाळी हा माझ्या दारात. आत आला नाही. म्हणाला, "करतो. पण तुम्ही रोज यायचं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून बघायचं. आणि मी सांगेपर्यंत टपाला हात लावायचा नाही."

मला वाटलं, कलावंताला प्रेक्षक हवाय. मी खूश होऊन रोज दहाला त्याच्या शेडमध्ये हजर. त्यानं एक स्टूल पुसून ठेवलं होतं. "बसा राजे. सिंहासन रंगवायला गेलंय."

पहिले तीन दिवस त्यानं काहीच कापलं नाही. नुसती मापं. दाराची चौकट उभी मोजली, आडवी मोजली, कर्णात मोजली आणि सगळं खडूनं भिंतीवर लिहिलं. सोळाही नट पुन्हा आवळले. मग गाडी आठ ठिकाणी ठोकळ्यांवर टेकवली, दोन्ही दारं उतरवली आणि दारांच्या पोकळीत लोखंडी दांडे आडवेतिडवे जोडून टाकले. मी म्हणालो, अरे, हाड मोडण्याआधीच प्लॅस्टर का घालतोस?

त्यानं समजावून सांगितलं. टप बसवलेली गाडी म्हणजे झाकण लावलेला डबा. झाकण काढलं की डबा लवतो, मग त्याला तोलून धरतात ते फक्त खालचे उंबरे. आता समजा टपही काढलेला आहे आणि उंबरेही कापले, तर मधे गाडीला धरायला काहीच उरत नाही. ती आपल्याच वजनानं कमरेतून बसते. बोटभरच. डोळ्यांना कळतसुद्धा नाही. तशा बसलेल्या गाडीला नवे आधार जोडले, की तो बाक कायमचा. म्हणून टप वर ठेवायचा, चौकटी दांड्यांनी बांधायच्या, आणि एका वेळी एकच बाजू कापायची.

"हे कुणी शिकवलं तुला?" मी विचारलं.

"सांगतो," तो म्हणाला, आणि चष्मा चढवून कामाला लागला.

सहाव्या दिवशी त्यानं व्हायोलिनवाले बसायचे त्या बाजूचा उंबरा कापला. कापलेला तुकडा उचलून माझ्या पायाशी आणून ठेवला आणि उकिडवा बसला. आतली बाजू गंजली होती, पण जुना जोड स्पष्ट दिसत होता. एक पट्टी दुसरीवर तिरकी चढलेली आणि मधली फट भरायला कोंबलेले पत्र्याचे तुकडे. खिशातला गुण्या काढून त्यानं त्या जोडावर ठेवला. एका टोकाला माझी करंगळी जाईल एवढी फट होती.

"हे माझं काम," तो म्हणाला.

मग हळूहळू सगळं सांगितलं. तेव्हा त्यानं टप आधी उतरवला होता, कारण टपाखाली वाकून काम करायचा कंटाळा. दोन्ही उंबरे एकदम कापले होते, कारण आठ दिवसांत द्यायची होती. गाडी बसली. नवे आधार जोडल्यावर दार लागेना, तेव्हा त्यानं खटका ज्यात अडकतो तो आकडा जरासा बाहेर सरकवला. टप चढवून सोळा नट आवळले, तशी गाडी थोडी ताणली गेली आणि दार लागलं. दोन खटके, स्वच्छ. त्या आवाजावर तो खूश झाला आणि गाडी देऊन टाकली. टप काढून दार लावून पाहायचं, एवढंच राहिलं. टप नसताना दुसरा खटका वाजायचा, पण खटक्याची जीभ आकड्यात नखाएवढीच अडकायची.

"म्हणजे दादानं..."

"दोनच ऐकले होते. व्हायोलिनवाल्यांनीही."

बातमी कळल्याबरोबर तो त्या गावी धावत आला होता. मालक दार आपटत होते तेव्हा तो आमच्यातच उभा होता. "पन्नास वेळा आपटलं. मी मोजत होतो, राजे. 'टप काढून बघा', तीन शब्द. दर खटक्याला तोंडापर्यंत यायचे. पन्नासावा झाला, दादानं किल्ली दिली, आणि मग ते तीन शब्द सांगायचे तर आधी मी गप्प का होतो तेही सांगावं लागलं असतं." दुसऱ्या दिवशी त्यानंच त्या दाराला बाहेरून कडी बसवून दिली. मालक त्यालाही शाबास म्हणाले.

मला माझा हशा ऐकू येत होता.

त्याला मी रोज समोर का हवा होतो, ते आता कळलं. भावाला सांगायचं होतं, आणि सांगताना पाय मागे येऊ नये म्हणून एक साक्षीदार बसवून ठेवला होता. त्यातही आता एक अडचण होती. दर वर्षी तो पुढच्या वर्षावर ढकलत गेला आणि तिकडे पिंपांच्या ठणठणाटात दादाचे कान गेले. डावा पूर्ण, उजव्याला ओरडलेलं थोडंफार. "कानात सांगायची गोष्ट होती," गुण्या म्हणाला. "आता भर रस्त्यात ओरडून सांगावी लागेल." मी म्हटलं, कागदावर लिहून दे. तो म्हणाला, तेव्हा मालक काय म्हणाले ते दादानं सगळ्यांसमोर ऐकून घेतलं होतं, चिठ्ठीत वाचलं नव्हतं.

आणखी बारा दिवस काम चाललं. दुसरी बाजूही झाली, आडवे आधार बसले, दांडे काढले, दारं चढवली. भिंतीवरची खडूची मापं आणि गाडीची मापं एकास एक जुळली. आकडा होता त्या जागी परत आला. मग गुण्या जाऊन दादाला घेऊन आला.

दादा आता सत्तरीचा. इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री. गाडी दिसली तसा दारातच थांबला. मग जवळ आला, पण हात लावला नाही. गुण्यानं तो कापून काढलेला उंबरा त्याच्या पुढ्यात ठेवला आणि त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला.

"दादा, हे माझं काम आहे. चुकलेलं."

"काय?" दादा म्हणाला.

गुण्यानं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. दादानं मान वाकडी करून कान पुढे केला. "काय म्हणतोस? मोठ्यानं बोल."

शेजारी चाकाच्या तारा बसवणाऱ्याचं दुकान, पलीकडे टायरवाला, समोर चहावाला. गुण्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं छाती भरून घेतली. नाटकात इतकी वर्षं काढली, पण असा आवाज मी कुणाच्या तोंडून ऐकला नाही.

"दार तू नीट लावलं होतंस, दादा! दोन खटके वाजले होते! गाडी माझ्या हातून वाकडी झाली होती! मला त्याच दिवशी कळलं होतं, आणि मी बोललो नाही!"

शेजारची हातोडी थांबली. चहावाल्यानं किटली खाली ठेवली. दादा तसाच कान पुढे करून उभा होता. सगळं ऐकू आलं की नाही, मला समजेना. मग त्यानं मान सरळ केली.

"टप काढा," तो म्हणाला.

सोळा नट. गुण्यानं चौदा काढले, दोन त्याच्या हाताला येईनात, ते टायरवाल्यानं काढले. चार माणसांनी टप उचलून बाहेर ठेवला. दादानं छत्री माझ्याकडे दिली आणि त्या दारापाशी गेला. डावा तळहात दारावर सपाट ठेवला, उजव्या हातानं दार लावलं. मग ओढून पाहिलं. उघडलं. परत लावलं. मी मोजलं नाही, पण बराच वेळ चाललं होतं ते. त्याचे डोळे मिटलेले होते, अगदी मी नकलेत मिटायचो तसेच. फक्त इथे हसण्यासारखं काही नव्हतं. कानांनी जे सोडलं होतं ते तो तळहातानं ऐकत होता.

"दोन," तो शेवटी म्हणाला. कुणाला उद्देशून नाही.

गुण्या खाली मान घालून उभा होता. दादानं त्याला मारलं असतं तर बरं झालं असतं, असं तो मला नंतर म्हणाला. दादानं छत्री परत घेतली आणि बहिऱ्या माणसाच्या चढ्या आवाजात म्हणाला, "व्हायोलिनवाले गेले. त्यांना कोण सांगणार?" मग गुण्याला म्हणाला, "घरी चल. तुझ्या वहिनीला सांग. मी दार लावलं की ती रोज उठून बघते. तीस वर्षं झाली, तिला रोज उठावं लागतं."

गुण्या माझा हात धरून निघाला. मला सोडायची त्याची तयारी नव्हती, आणि मलाही सुटायचं नव्हतं.

घर दोन खोल्यांचं, जिन्याच्या तोंडाशी. दादाची बायको, गुण्याच्या वहिनी, भाजी निवडत होत्या. त्यांचे कान चांगले आहेत, त्यामुळे गुण्यानं हळू आवाजात सांगितलं, तरी ओरडल्यापेक्षा ते त्याला जड गेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझ्या पोरीच्या लग्नात रांगोळीपासून मांडवापर्यंत राबलास. मी म्हणायचे, दिराचं किती प्रेम आहे." भाजीचे देठ एका बाजूला करत राहिल्या.

मीही माझं सांगितलं, नकलेचं. त्या म्हणाल्या, "पाहिली होती मी. दोनदा." मग म्हणाल्या, "दुसऱ्या वेळी हसलेही होते." आणि पदरानं तोंड पुसलं. दादा आमच्या ओठांकडे बघत होता. त्यानं विचारलं, काय चाललंय. त्यांनी त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन एवढंच सांगितलं, "दोन होते म्हणे."

"तेच तर मी म्हणत होतो," दादा म्हणाला.

चहा झाला. गुण्याचा कप त्यांनी त्याच्या हातात दिला नाही, समोर ठेवला. गुण्यानं तो घेतला. अजून बरेच रविवार जावे लागतील, हे तिथल्या चौघांनाही दिसत होतं. निघताना दादा आम्हाला दारापर्यंत सोडायला आला. गाडी नाट्यशाळेत न्यायच्या दिवशी तो पुढे बसेल का, असं गुण्यानं त्याच्या कानाशी मोठ्यानं विचारलं. तो म्हणाला, बघू. मग आम्ही बाहेर झालो आणि त्यानं दार लावलं. कडी सरकल्याचा आवाज आला.

गुण्या पहिल्याच पायरीवर थांबला. मीही थांबलो. आतून चप्पल घासत येण्याचा आवाज, कडी पुन्हा एकदा हलवून बघण्याचा आवाज, हे त्यानं एकतीस वर्षांत दर रविवारी या पायरीवर ऐकलं होतं. आम्ही दोघे म्हातारे कठड्याला धरून ऐकत उभे राहिलो. आत भाजी निवडून झाली असावी, भांडी हलली, नळ सुरू झाला, बंद झाला.

दाराकडे कुणी आलं नाही.

"चला, राजे," गुण्या म्हणाला, आणि माझे गुडघे सांभाळत मला एकेक पायरी खाली घेऊन गेला.